ओढा कोणाचा?

ओढा बारा फूट रुंद होता. निदान टटल सरांच्या मते. राज्य सरकारच्या मते तो साडेदहा फूट होता आणि वॉशिंग्टनच्या मते सोळा; कारण राज्याचा माणूस पाणी मोजायचा, आणि वॉशिंग्टनचा माणूस पाण्याला मनात आलं तर जिथवर जाता येईल तिथवर मोजायचा. शेजारच्या ड्वाइट क्रॅबच्या मते ओढा 'आडव्या पडलेल्या दीड गाईएवढा' होता. ड्वाइटने जन्मभर गाई पाळल्या होत्या, त्यामुळे त्याचं माप गावात सर्वांत विश्वासाचं मानलं जाई.

ऑरिन टटल यांनी पेल्टन हॉलोच्या शाळेत चौतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. दर सप्टेंबरला ते फळ्यावर पट्टीने तीन चौकोन काढत. खालचा गावाचा, मधला राज्याचा, वरचा वॉशिंग्टनचा. चौकोनांच्या रेषा एकमेकींना कुठेही शिवत नसत. "मुलांनो," ते म्हणत, "प्रत्येकाचं काम वेगळं, म्हणून भांडण नाही." मग सहामाही परीक्षेत एका मार्काचा प्रश्न असे : शाळेमागचा ओढा कोणाचा? उत्तर : राज्याचा. चौतीस वर्षांत हा प्रश्न बदलला नाही आणि उत्तरही बदललं नाही.

सगळा घोळ सुरू झाला तो याच ओढ्यावर.

ओढ्याच्या अलीकडे शाळा आणि पलीकडे वाचनालय. मधे एक जुनी फळी टाकलेली होती. ती कोणी टाकली, कधी टाकली, कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तिच्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती. दर बुधवारी शाळा सुटली की पोरं त्या फळीवरून धडधडत वाचनालयात येत आणि निवृत्त टटल सर त्यांना तासभर गोष्टी वाचून दाखवत. तेवीस मुलं यायची. राक्षसाचा आवाज काढायला सरांना दोनदा पाणी प्यावं लागायचं. आठवड्यातला हा एक तास म्हणजे सरांचं खरं निवृत्तिवेतन होतं.

एका एप्रिलमध्ये बर्फ वितळलं, ओढा फुगला आणि फळी वाहून गेली. आता वाचनालयात यायचं तर मोठ्या रस्त्याने अर्धा मैल वळसा, आणि त्या रस्त्यावरून लाकडाचे ओंडके भरलेले ट्रक धावायचे. शाळेने मुलांना चालत जायला मनाई केली. बरोबरच होतं. बुधवारच्या तासाला दोन मुलं उरली. दोघं वाचनालयाला लागूनच राहायची. त्यातला एक झोपायचा.

वर्ष असंच गेलं. फेब्रुवारीत वाचनालयाच्या विश्वस्तांनी सरांना चहाला बोलावलं आणि फार प्रेमाने सांगितलं की, पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत मुलं वाढली नाहीत तर बुधवारचा तास बंद, आणि ती खोली गोधडी मंडळाला. गोधडी मंडळाच्या अध्यक्षा होत्या सौ. मर्टल टटल.

"मी मागितली नव्हती हो खोली," मर्टलबाई रात्री जेवताना म्हणाल्या. "त्यांनीच विचारलं."

"आणि तू काय म्हणालीस?"

"उजेड कुठून येतो, एवढंच विचारलं."

सर त्या रात्री बटाटे अर्धे टाकून उठले.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा असते. शाळेच्या व्यायामशाळेत सारं गाव घडीच्या खुर्च्यांवर बसतं, एकेक ठराव वाचला जातो, बाया विणतात, पुरुष भांडतात, दुपारी गोडसर घेवडे आणि पाव खातात आणि पुन्हा भांडतात. त्या वर्षी रस्त्यावरचा चिखल ओढणाऱ्या यंत्रावरून अडीच तास वाद झाला. मंडळी दमली. शेवटी सभापती ड्वाइट क्रॅबने हातोडा आपटून विचारलं, "ऐनवेळचे काही विषय?"

सर उठले. ओढ्यावर बारा फुटी साकव घालावा, लाकूड ड्वाइट फुकट देतोय, मेहनत आम्ही करू, एवढंच बोलले. सगळ्यांना घरी जायचं होतं. "हो!" असा गजर झाला की छताला टांगलेलं बास्केटबॉलचं कडं हललं. सर घरी येऊन बायकोला म्हणाले, "मर्टल, लोकशाही ही अशी असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी लोर्नाचा फोन आला. लोर्ना म्हणजे गावची चिटणीस, ड्वाइटची थोरली मुलगी आणि सरांची जुनी विद्यार्थिनी.

"सर, तो कालचा ठराव धरता येत नाही."

"का? एकमताने झाला!"

"झाला. पण ऐनवेळच्या विषयात. सभेच्या नोटिशीत आधी छापलेलं नसेल, तर त्यावरचं मतदान बंधनकारक नसतं. ऐनवेळी फक्त आभार मानता येतात, नाहीतर कुरकुर करता येते." ती जरा थांबली. "सर, हे तुम्हीच शिकवलंय. पाठ सातवा."

पाठ सातवाच होता. स्वतःच्या विषयात नापास झालेला मास्तर तोंड कुठे लपवणार? एवढ्याशा गावात तशी जागाही नव्हती. टपालघरात जो भेटे तो म्हणे, "काय सर, ऐनवेळी गडबड झाली म्हणे!"

"बरं, मग आता काय करायचं?" दोन दिवसांनी त्यांनी कचेरीत जाऊन लोर्नाला विचारलं.

"गावचे पंच म्हणतात, राज्याचं पत्र आणा, मग पुढच्या वर्षी नोटिशीत घालू. ओढा राज्याचा ना." तिने उगाचच खाकरल्यासारखं केलं. "म्हणजे, तुमच्या मते."

"माझ्या मते म्हणजे?"

"नववीच्या सहामाहीत मी लिहिलं होतं, ओढा तिघांचाही. तुम्ही लाल फुली मारलीत. एकोणनव्वद मार्क पडले, सर. नव्वदला 'अ' होता. 'अ' आला तर बाबा मला शिंगरू देणार होते."

"लोर्ना, त्याला सत्तावीस वर्षं झाली."

"हो ना. आता ते घोडंही म्हातारं झालं असतं."

सरांनी राज्याच्या नदी-ओढे खात्याला पत्र लिहिलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. 'आपल्या उपक्रमाचं राज्य कौतुक करतं. परंतु सदर ओढा पुढे नदीला मिळतो, नदी दोन राज्यांतून समुद्राला जाते, सबब आधी वॉशिंग्टनची परवानगी जोडावी. त्यांच्या अधिकारावर अतिक्रमण करण्याची आमची इच्छा नाही.' सरांनी वॉशिंग्टनच्या पाणथळ कार्यालयाला लिहिलं. नऊ आठवडे लागले. 'स्थानिक जनतेवर काही लादणं आमच्या धोरणात बसत नाही. आपल्या गावाच्या स्वायत्ततेबद्दल आम्हांला नितांत आदर आहे. सबब आधी गावाचा ठराव जोडावा.' आणि गाव तर म्हणत होतं, आधी राज्याचं पत्र.

सरांनी तिन्ही कागद स्वयंपाकघराच्या टेबलावर गोल मांडले आणि कितीतरी वेळ पाहत बसले. कोणीही 'नाही' म्हणत नव्हतं. कोणी उद्धट नव्हतं. तिघंही एकमेकांना इतका मान देत होती की दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करणाऱ्या पाहुण्यांसारखी सगळीच उंबऱ्याबाहेर तिष्ठत होती, आणि आत जेवण निवत होतं. सरांनी सवयीने लाल पेन घेऊन वॉशिंग्टनच्या पत्रातल्या दोन चुका दुरुस्त केल्या. तेवढंच समाधान.

सल्ल्यांना मात्र कोणाची परवानगी लागत नाही. टपालवाल्याने सांगितलं, पूल म्हणू नका, 'रुंद काठी' म्हणा. गोधडी मंडळातल्या एका बाईंनी सुचवलं, मुलांना पोहायला शिकवा. ड्वाइटचा सल्ला सर्वांत सोपा होता.

"मी चार फळ्या आडव्या टाकतो, ऑरिन. कोणी विचारलं तर सांग, पुराने आणल्या. पुराने नेलं, पुराने परत केलं. हिशेब चुकता."

"ड्वाइट, मी चौतीस वर्षं मुलांना सांगितलं, नियम पटला नाही तर बदलून घ्यावा, चोरून मोडू नये. आता त्याच मुलांना चोरीच्या पुलावरून बोलावू?"

"मुलांना काय कळतंय?"

"सगळं कळतं. म्हणून तर मास्तरकी अवघड."

जुलैत राज्याचा माणूस पाहणीला आला. कर्टिस व्हेलन नावाचा किडकिडीत, सभ्य तरुण. बूट इतके स्वच्छ की ड्वाइटला त्याची कीव आली. त्याने पाणी मोजलं, माती चाखली की काय असं वाटण्याइतकी जवळून पाहिली, आणि म्हणाला, "जागा उत्तम आहे. आमची तांत्रिक हरकत काहीच नाही. फक्त वॉशिंग्टनचं पत्र..."

तेवढ्यात सरांची नजर वर गेली. साकवाच्या जागेपासून पन्नास पावलांवर, ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत, काटक्या, चिखल आणि पाडलेल्या झाडांचा एक अख्खा बंधारा उभा होता. गेल्या आठवड्यात तो नव्हता. बंधाऱ्यावर तो बांधणारं जनावर, एक बीव्हर, पिवळे दात काढून फांदी सोलत बसलं होतं.

"हे काय?" सर म्हणाले.

"अरे वा! बीव्हरचा बंधारा. सुरेख काम आहे."

"त्याच्याकडे परवानगी आहे?"

"ती नैसर्गिक प्रक्रिया आहे, सर."

"त्याने आठ दिवसांत ओढा अडवला. मी चार महिने एक फळी टाकायला धडपडतोय. मग मी कोण?"

व्हेलनने फार सहानुभूतीने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही अर्जदार."

सरांना ते फार लागलं. एका फांदी चघळणाऱ्या जनावराने आपल्याला नागरिकत्वात मागे टाकलं, हे दुःख कोणाला सांगायचं? सप्टेंबरात वॉशिंग्टनकडून इमोजेन सँडोव्हाल बाई तीन तास गाडी चालवून आल्या, सोळा फूट मोजून गेल्या. त्यांनाही जागा पसंत पडली. त्यांनीही बीव्हरचे फोटो काढले.

डिसेंबरात सर लोर्नाच्या कचेरीत गेले ते हरल्यासारखे. "मर्टलने खोलीसाठी पडद्याचं कापड आणलंय," ते म्हणाले. "फुलाफुलांचं."

लोर्नाने चष्मा काढला. "सर, पंच नोटिशीत घालत नसतील तर दुसरा रस्ता काय? पाठ आठवा."

सर तिच्याकडे पाहत राहिले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर, वर्गात पहिल्या बाकावरून अचूक उत्तर आल्यावर यायचा, तो उजेड आला. "शंभरातल्या पाच मतदारांच्या सह्या! मग ठराव नोटिशीत घालावाच लागतो."

"चारशे वीस मतदारांत एकवीस सह्या. जानेवारीच्या तिसऱ्या गुरुवारपर्यंत. बसा, सर. पूर्ण मार्क."

एकवीस सह्यांसाठी सर बर्फातून सत्तावीस घरी गेले, चव्वेचाळीस कप कॉफी प्यायले आणि एकदा पायरीवरून घसरले. पहिली सही, न मागता, मर्टलबाईंनी केली. "कापड काय, न्हाणीघरालाही लागतं," त्या म्हणाल्या.

आता उरले राज्य आणि वॉशिंग्टन. इथे सरांनी मास्तरांची जुनी युक्ती वापरली. दोन पोरं एकमेकांवर ढकलत असली, की दोघांना एकाच बाकावर बसवायचं. त्यांनी दोघांनाही एकच मजकूर पाठवला : 'गावसभेत आपल्या ओढ्याचा निर्णय होणार आहे. दुसऱ्या कार्यालयालाही निमंत्रण दिलं आहे. पाहणी झालेली असल्याने परवानगीचा कागद सोबत आणावा.' एक अक्षर खोटं नव्हतं. पण आपल्या ओढ्याचं दुसऱ्याने परस्पर काही ठरवलं तर, या एका धास्तीने दोघंही यायला तयार झाले.

मार्च म्हणजे आमच्याकडे चिखलाचा महिना. त्या मंगळवारी सभा दहा मिनिटं उशिरा सुरू झाली, कारण सभापती ट्रॅक्टर घेऊन चिखलातून सरकारं बाहेर काढत होते. शेवटी ड्वाइटचा ट्रॅक्टर शाळेच्या दारात आला तेव्हा एका चाकावरच्या पत्र्यावर राज्य बसलेलं होतं आणि दुसऱ्यावर वॉशिंग्टन, आणि दोघांनी मधल्या गावाला घट्ट धरलं होतं. व्हेलनच्या बुटांकडे पाहून ड्वाइट म्हणाला, "आता कसा माणसात आलास!"

दारात लोर्ना मतदारांना हिरवी कार्डं वाटत होती.

"माझ्याकडे सरकारी ओळखपत्र आहे," सँडोव्हाल बाई म्हणाल्या.

"यादीत नाव नाही, बाई. भिंतीकडच्या बाकावर बसा. घेवडे मिळतील, मत मिळणार नाही."

दुपारी दोनच्या सुमारास चौदावा ठराव आला. साकव. व्हेलनने हात वर केला.

"आपण या गावचे मतदार?" ड्वाइटने विचारलं. सकाळी त्याच माणसाला त्याने कमरेला धरून चिखलातून उचललं होतं.

"नाही. मी राज्याच्या वतीने—"

"मग बोलायला सभेची परवानगी लागेल. कोणाची हरकत?"

ब्याण्णव वर्षांच्या हाफर्ड आजींनी सुया न थांबवता विचारलं, "किती वेळ बोलणार हा?"

"थोडंच, आजी."

"माझी ही ओळ विणून होईपर्यंत बोल. मग बस."

मतदान झालं. परवानगी मिळाली. राज्य सरकार भराभर बोललं, कारण हाफर्ड आजींचे हात फार चपळ होते. "राज्याची काहीही हरकत नाही. मात्र आधी वॉशिंग्टनने—" ओळ संपली. मग सँडोव्हाल बाईंसाठी पुन्हा मतदान झालं. "वॉशिंग्टनचीही हरकत नाही. मात्र आधी गावाने—"

"आणि पंचांची हरकत नाही," मागून कोणीतरी ओरडलं, "मात्र आधी राज्याने!"

सगळी व्यायामशाळा हसली. सर उठले. ते मोठ्याने बोलले नाहीत; चौतीस वर्षं मोठ्याने न बोलता वर्ग गप्प केलेला माणूस होता तो.

"तुम्ही सगळे लहानपणी खाणीच्या डोहावर पोहायला गेला आहात," ते म्हणाले. "तिघं मुलं खडकावर उभी असतात. 'आधी तू मार उडी.' 'नाही, आधी तू.' ऊन उतरतं, पाणी गार होतं, तरी कोरडीच. त्यांतला एकही भित्रा नसतो. आणि वाद घालून कोणी उडी मारल्याचं मी पाहिलेलं नाही. अशा वेळी काय करतात, हे पहिलीतलं पोरही सांगेल."

"एक, दोन, तीन म्हणतात," हाफर्ड आजी म्हणाल्या.

सर बाकाकडे वळले. "तुमच्या नियमात नेमकं काय लिहिलंय? वाचाल का? स्पष्ट आणि सावकाश."

सँडोव्हाल बाईंनी पुस्तक काढलं. बघता बघता त्या उभ्या राहून वाचू लागल्या होत्या, विद्यार्थ्यासारख्या. "'परवानगी देतेवेळी इतर परवानग्या हाती असाव्यात.'" त्या थांबल्या. "किती वेळ आधी, ते लिहिलेलं नाही."

व्हेलनने आपले कागद चाळले. "आमच्याकडेही नाही!"

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. टेबल मध्यभागी आलं. तिन्ही कागद शेजारी शेजारी. सभेने मत दिलं. "हो!" या वेळी कडं नुसतं हललं नाही, त्याचा एक खिळा पडला. एकटा "नाही" हाफर्ड आजींचा. त्या प्रत्येक ठरावाला सवयीने नाही म्हणतात, म्हणजे गाव शेफारत नाही. मग गावाच्या वतीने लोर्ना, राज्याच्या वतीने व्हेलन आणि वॉशिंग्टनच्या वतीने सँडोव्हाल बाई पेनं उगारून उभी राहिली.

"एक," सर म्हणाले. "दोन." सगळं गाव म्हणालं, "तीन!" ड्वाइटचा हातोडा आणि तीन सह्या एकदम पडल्या. लोर्नाने भराभर शिक्के मारले. तिन्हींवर एकच वेळ : दोन वाजून अकरा मिनिटं. कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही. हाफर्ड आजींनीसुद्धा सुया खाली ठेवल्या आणि टाळ्या वाजवल्या.

मेमध्ये एका शनिवारी साकव उभा राहिला. ड्वाइटच्या फळ्या, गावाचे हात. व्हेलन सुटी काढून आला आणि कमरेभर पाण्यात उभा राहिला. पाण्याची रुंदी बारा फूट आहे, हे त्याने तिथेच मान्य केलं. लगेच तीन पाट्याही आल्या : गावाची, राज्याची, वॉशिंग्टनची. दोन वर्षं जो साकव कोणाचाच नव्हता, तो आता तिघांनाही आपलाच वाटत होता. सरांचं नाव एकाही पाटीवर नव्हतं. पण बुधवारी एकतीस मुलं धडधडत पलीकडे आली आणि त्यातली एक शेवटची आलेली मुलगी ओरडली, "थांबा ना, मी अजून सरांच्या पुलावर आहे!" सरांना राक्षसाचा आवाज लागायला त्या दिवशी जरा वेळ लागला. गोधडी मंडळ गुरुवारी बसू लागलं. पडदे मात्र फुलाफुलांचेच लागले. ती तडजोड घरगुती होती.

त्याच संध्याकाळी सर लोर्नाच्या कचेरीत गेले. "तुझा तो पेपर आहे का अजून?"

लोर्नाने दुसऱ्याच क्षणी खण उघडला. पिवळा पडलेला कागद वरच होता. सरांनी खिशातून लाल पेन काढलं. 'शाळेमागचा ओढा कोणाचा?' या प्रश्नासमोर गोल अक्षरांत लिहिलेलं होतं, 'तिघांचाही.' त्यावरची फुली त्यांनी शांतपणे खोडली, बाजूला बरोबरची खूण केली, एकोणनव्वदचे नव्वद केले, 'अ' लिहिलं आणि खाली तारखेसह सही केली.

"उशीर झाला, लोर्ना," ते म्हणाले. "मास्तर जरा मंद होता."

लोर्नाने त्यावर गावाचा शिक्का मारला, बाहेर आली आणि ट्रॅक्टर पुसत असलेल्या वडिलांच्या नाकासमोर कागद धरला. ड्वाइटने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"हे बघ, पोरी," तो म्हणाला, "शिंगरू द्यायचा निर्णय मी एकटा कसा घेणार? तुझ्या आईला विचारावं लागेल."

"आईची मागे सही आहे."

ड्वाइटने कागद उलटला. सही होती. त्याने सरांकडे पाहिलं. सर आकाशाकडे पाहत होते. ड्वाइटने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"तांबडं की काळं?" त्याने विचारलं.